शी उचलली, आता टाकायची कुठे?

मागच्या अंकात कुत्र्याला फिरवण्याच्या वेळांवर लेख होता. त्यावर आलेली बरीचशी पत्रं वेळांबद्दल नव्हतीच, शी-शूबद्दल होती. काही कुत्रेवाल्यांची, काही त्यांच्या शेजाऱ्यांची. त्यातली सात निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही नेमानं पिशवी घेऊन जातो, शी उचलतो, गाठ मारतो आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. परवा सफाईवाल्या ताईंनी अडवलं, ‘हे ओल्यात टाकू नका’ म्हणाल्या. शी ओलीच असते ना? मग टाकायची कुठे? — एक वाचक, ठाणे

ताईंचं बरोबर आहे. ओला कचरा म्हणजे खत होणारा कचरा. तो पुढे कुणीतरी हातानं चिवडतं, त्यातलं प्लास्टिक वेगळं काढतं. तुमची गाठ मारलेली पिशवी तिथे फोडली जाते, आणि फोडणारा हात बहुतेक वेळा हातमोज्याविनाच असतो. शिवाय सोसायटीच्या खताच्या टाकीत किंवा घरच्या कुंडीत जंतांची अंडी मरतील इतकी उष्णता भरवशानं तयार होत नाही. साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापणारा ढीग बराच मोठा आणि सतत उलथापालथ केलेला असावा लागतो. भाजीच्या देठांसोबत शी टाकलीत तर ते खत मोगऱ्याला चालेल, कोथिंबिरीला नाही. आणि कोण कुठे वापरणार हे तुमच्या हातात राहत नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरचा संडास. माणसाच्या मैल्यासाठी जी व्यवस्था आहे, मग ती गटारवाहिनी असो, सेप्टिक टँक असो की सोसायटीचा मैलापाणी प्रकल्प, तिला कुत्र्याची शी जड नाही. लॅब्रेडॉरएवढ्या कुत्र्याची दिवसाची शी साधारण पाव किलो ते चारशे ग्रॅम भरते. सुपलीतून किंवा कागदावरून ती भांड्यात सरकवा आणि फ्लश करा. भारतीय पद्धतीच्या भांड्यात तर हे फारच सोपं. पिशवी, वर्तमानपत्राचा तुकडा, शीला चिकटलेले खडे आणि गवत मात्र आत जाऊ देऊ नका. ‘फ्लश करता येते’ असं छापलेली पिशवीही नको. जुन्या इमारतींच्या चार इंची पाइपात आणि खालच्या चेंबरमध्ये ती अडकते, आणि चेंबर उपसायला पुन्हा एखादा माणूसच उतरतो.

संडासात टाकणं जमणार नसेल तर तुमच्याकडे डायपर जिथे टाकतात, तिथे टाका. आधी पिशवीला गाठ, मग वर्तमानपत्रात गुंडाळी, आणि वर लाल पेननं ठळक ठिपका. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली. पुडकं न उघडता कळावं की आत हात घालायचा नाही, एवढाच तिचा हेतू. कुत्र्याच्या शीला तोच ठिपका चालतो. तुमच्या ताईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे खूण कळेल.

पिशवीबद्दल दोन शब्द. ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दावर जाऊ नका, तो कुणीही छापतो. ‘कंपोस्टेबल’ आणि त्यासोबत आयएस १७०८८ हा मानक क्रमांक बघा. तीही पिशवी खतप्रकल्पाच्या उष्णतेतच नीट विरते, कचरा डेपोच्या ढिगात वर्षानुवर्षं पडून राहू शकते. शिवाय दमट हवेत या पिशव्या लवकर मऊ पडतात, म्हणून एकदम वर्षभराचा साठा करू नका. वापरण्याआधी पिशवीत फुंकर मारून बघा. तळाच्या शिवणीतून हवा गेली तर पुढे काय होणार हे सांगायला नको.

प्रश्न : वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले, घरी लॅब्रेडॉर. वाकता येत नाही. शी तशीच सोडून यायला मन धजत नाही, म्हणून मुलगा नसला की फिरायलाच नेत नाही. काही उपाय? — डोंबिवली

दोन उपाय आहेत. एक वेळेचा, एक अवजाराचा.

खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. मोठ्या कुत्र्याला बहुधा १५ ते ३० मिनिटांत शी लागते, पिल्लाला त्याहून लवकर. तेव्हा फिरवून आणल्यावर जेवण द्यायची सवय असेल तर ती उलटी करा. खाणं द्या, वीस मिनिटं थांबा, मग चार फुटी पट्ट्यावर एकाच ठरलेल्या कोपऱ्यात न्या आणि दहा मिनिटं उभे राहा. तो बसला की ‘शी कर’ असा एकच शब्द. झाल्यावर दोन-तीन सेकंदांच्या आत खाऊ द्या, घरी आल्यावर दिलात तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. दोन-तीन आठवड्यांत जागा आणि शब्द दोन्ही पक्के होतात. मोठं फेरफटक्याचं फिरणं त्यानंतर. मात्र भरल्या पोटी धावपळ नको, मोठ्या चणीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो.

आता अवजार. अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचा मीटरभर तुकडा घ्या. जाड जीआय तारेची साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची रिंग वळवून ती पाइपाच्या टोकाला पक्की बांधा. रिंगवर पिशवीचं तोंड दुमडून कपड्याच्या दोन चिमट्यांनी अडकवा. कुत्रा गोल गोल फिरून वास घ्यायला लागला की तयार व्हा. तो बसल्यावर मागून रिंग खाली सरकवा. जमिनीला काही लागतच नाही. पहिले दोन-चार दिवस तो दचकून उठेल, म्हणून आधी घरात पाइप नुसता जवळ ठेवून खाऊ देत राहा. बाजारात लांब दांड्याचे चिमटे मिळतात, पण त्यांच्या दातांत शी अडकते आणि मग तो चिमटा धुणं हेच नवं काम होऊन बसतं.

रिंग जमली नाही तर वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद चौपदरी करून पायानं खाली सरकवा. पातळ शी असेल तर कागद भिजून फाटतो हे लक्षात ठेवा.

आणि पातळ शी रोजचीच असेल तर मुळात खाणं बघा. दूध बंद करा, मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना ते पचत नाही. खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त करत बदला. दोन दिवसांपेक्षा जास्त पातळ होत असेल, रक्त किंवा शेंब दिसत असेल, तर डॉक्टर. रस्त्यात एखादे वेळी पातळ झालीच तर वर मूठभर कोरडी माती किंवा राख टाकून मिनिटभर थांबा, मग पुठ्ठ्याच्या तुकड्यानं पिशवीत ओढा. राखेची छोटी पुडी खिशात ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात सगळं वाहूनच जातं. मग चार महिने तरी उचलायची कटकट कशाला? — मुंबई

वाहून जातं ते कुठे? मुंबईत पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांचे मार्ग वेगळे आहेत. रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेलं पाणी नाल्यात आणि तिथून समुद्रात जातं. त्याआधी ते तुमच्याच गल्लीत घोट्याएवढं साचतं, त्यातून शाळेची मुलं चालतात.

खरं तर उचलण्याची सगळ्यात जास्त गरज पावसाळ्यातच आहे. कुत्र्यांतल्या हूकवर्म या जंताची अंडी दमट, उबदार, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरण्याइतक्या वाढतात. कातडीखाली लालसर, नागमोडी रेघ सरकताना दिसते आणि रात्री झोप लागू न देणारी खाज सुटते. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर, झाडाखालच्या सावलीतल्या वाळूत याचा धोका अधिक. उन्हानं तापलेल्या कोरड्या वाळूत अळ्या तग धरत नाहीत.

गोलकृमीचं गणित वेगळं. त्याची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा बाधा करत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर करतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या बोटांवाटे ती पोटात जातात. अळ्या यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यातही जाऊन बसतात. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर या दोन्ही जंतांची साखळी तिथेच तुटते, आणि पंधरा दिवसांनी ‘शी विरघळून गेली’ असं वाटतं तेव्हा अंडी नेमकी तयार झालेली असतात. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीला मात्र थांबावं लागत नाही, तो ताज्या शीतूनही लागतो. म्हणून उचलून झाल्यावर हात साबणानं धुवायचे, पिशवी वापरली असली तरी.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती पुष्कळांनी पत्रांत शीला जोडली आहे. तो शीतून नाही, लघवीतून पसरतो. उंदीर मुख्य, पण कुत्रेही. त्यासाठी कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस हवी आणि साचलेल्या पाण्यात त्याला उतरू द्यायचं नाही. जंतांचं औषध पिल्लांना दोन आठवड्यांची झाल्यापासून, मोठ्यांना साधारण दर तीन महिन्यांनी. पिल्लू स्वच्छ घरात जन्मलं म्हणून हे चुकवू नका, गोलकृमी आईच्या पोटातूनच येतात.

प्रश्न : सोसायटीनं नोटीस लावली आहे : आवारात कुत्र्यानं घाण केल्यास दोन हजार रुपये दंड, आणि कुत्र्यांना लिफ्टबंदी. हे कायद्यात बसतं का? — पुणे

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २६ फेब्रुवारी २०१५ रोजी पाळीव कुत्रे आणि रहिवासी संघटना यांच्यासाठी परिपत्रक काढलं. त्यानुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, सभेत बहुमतानं ठराव झाला तरीही. लिफ्ट बंद करता येत नाही. शी उचलण्यावरून सोसायटीनं स्वतःच्या नियमानं दंड लावू नये, उचलण्याची विनंती करावी, असंही त्यात आहे. तेव्हा तुमच्या नोटिशीतल्या दोन्ही गोष्टी त्या परिपत्रकाच्या विरुद्ध आहेत.

इतकं वाचून परिपत्रकाची प्रत घेऊन सेक्रेटरींच्या दारात जाऊ नका. त्याच परिपत्रकात मालकांनाही आवाराची स्वच्छता राखायला सांगितलं आहे. आणि सोसायटीला दंड करता येत नसला तरी महापालिकेला करता येतो. मुंबईत २००६च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्यांच्या घाणीसाठी मालकाला ५०० रुपये दंड ठेवला गेला आणि तो वसूलही झालेला आहे. तुमच्या वॉर्ड ऑफिसात सध्याचा आकडा विचारा. सोसायटीनं तक्रार तिथे केली तर तुमचं परिपत्रक कामाला येणार नाही.

परिपत्रकातली एक सूचना कुणी वाचतच नाही : कुत्र्यांसाठी आवारात एक कोपरा ठरवून देऊन बघा. दहाएक कुत्र्यांच्या सोसायटीला सहा बाय आठ फूट पुरतो. खाली चार इंच खडी, वर सहा इंच वाळू. जागा उन्हाची निवडा, सावलीची नव्हे. पाण्याची टाकी, बोअरवेल आणि मुलांची घसरगुंडी यांच्यापासून लांब. भोवती वीतभर उंच कठडा, नाहीतर पहिल्याच पावसात वाळू पार्किंगमध्ये येते. पावसाळ्यासाठी वर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट. शेजारी पायानं उघडणारा झाकणाचा डबा आणि भिंतीला टांगलेली सुपली. आपापली शी ज्यानं त्यानं लगेच उचलायची, महिन्यातून एकदा वरची दोन इंच वाळू बदलायची. असे कोपरे बंद पडतात ते एकाच कारणानं : ‘कोपरा आहे ना’ म्हणून लोक उचलणं सोडतात आणि पंधरा दिवसांत कुत्रीच तिथे पाय ठेवत नाहीत. कुत्र्यालाही घाणीत उभं राहायला आवडत नाही.

प्रश्न : आमच्या फाटकासमोर रोज कुणाचा ना कुणाचा कुत्रा घाण करतो. लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या, निळ्या ठेवल्या, मिरचीपूड टाकली. काही फरक नाही. डांबराच्या गोळ्या टाकू का? — सांगली

डांबराच्या गोळ्या अजिबात टाकू नका, त्या विषारी असतात. कुत्र्यानं, मांजरानं किंवा एखाद्या लहान मुलानं तोंडात घातली तर जिवावर बेतू शकतं. मिरचीपूडही नको, वाऱ्यानं ती तुमच्याच डोळ्यांत येते.

बाटल्यांचं म्हणाल तर गावोगावच्या कुंपणांना त्या शोभा देतात, कुत्र्याला काही करत नाहीत. लाल रंग त्याला मळकट तपकिरी दिसतो. निळा नीट दिसतो, पण त्याला त्याची भीती वाटण्याचं कारण नाही. कुत्रा जागा निवडतो ती नाकानं. जिथे आधीचा वास आहे, तिथे तो पुन्हा येतो.

म्हणून वास काढा. शी उचला, साबणाच्या पाण्यानं खराट्यानं घासा, भरपूर पाणी ओता, मग एन्झाइमचं क्लीनर (घाणीचा वास मुळातून तोडणारं) ओतून पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर टाळा, त्याचा वास लघवीसारखाच असतो आणि कुत्र्याला ते आमंत्रण वाटतं. हे सलग दहा-बारा दिवस करावं लागतं. दोन दिवस करून सोडलंत तर पाणी वाया गेलं समजा. मातीचा पट्टा असेल तर तिथे ओबडधोबड दगड मांडा किंवा कुंड्या अगदी जवळजवळ ठेवा. गोल फिरायला जागा नसेल तर कुत्रा तिथे बसत नाही.

प्रश्न : आमच्या दोन कुत्र्यांची शी माडाच्या आळ्यात पुरतो. विहीर वीस पावलांवर. चालेल ना? — रत्नागिरी

नाही चालणार. आळं उथळ असतं, ते खणताना, शिंपताना, पडलेला नारळ उचलताना माणसं तिथे अनवाणी वावरतात. वर सांगितलेल्या हूकवर्मला याहून चांगली सोय नाही. आणि जांभ्यातून पाणी झिरपतं म्हणजे किती झिरपतं, हे कोकणात सांगायला नको. पावसात विहिरीची पातळी वर येते तेव्हा वीस पावलांचं अंतर नसल्यासारखंच होतं.

घरी सेप्टिक टँक असेल तर सरळ संडासात टाका. नसेल तर विहिरीच्या उताराच्या बाजूला, निदान शंभर फुटांवर खड्डा घ्या. तळ काढलेला पन्नासेक लिटरचा प्लास्टिकचा पिंप खाली खडी टाकून पुरा, काठ जमिनीच्या वर चार बोटं राहू द्या, आणि घट्ट झाकणावर दगड ठेवा. दर वेळी शीवर ओंजळभर पातेरा आणि थोडी माती टाका. चुना आणि राख इथे नको, त्यांनी कुजण्याची क्रिया मंदावते. फूटभर जागा उरली की मातीनं भरून टाका आणि पिंप उचलून दुसरीकडे लावा. भरलेला खड्डा किमान दोन वर्षं उकरायचा नाही. वर जास्वंद लावा, अळू-माठ-मुळा नको. आणि मुसळधार पावसाचे महिने खड्डा बंद.

देशावर काळ्या मातीत हा पिंपाचा उपाय फसतो. पाणी खाली जातच नाही, आठवड्यात सगळं तुंबून वास सुटतो. मुरुमाच्या जमिनीत ठीक चालतो.

प्रश्न : आमचा कुत्रा लिफ्टमध्ये आणि गाड्यांच्या चाकांवर शू करतो. वॉचमन फिनेल टाकतो. शेजारी बोलत नाहीत. — नाशिक

फिनेलनं वास झाकला जातो, लघवी जात नाही. शिवाय त्या फरशीवर चाललेले पंजे कुत्री-मांजरं चाटतात. मांजरांना तर फिनेल फारच घातक. लिफ्टमध्ये शू झाली की आधी कागदानं टिपून घ्या, मग साबणाचं पाणी, मग एन्झाइम क्लीनर. दाराच्या खाचेत लघवी गेली तर सांगून लिफ्टवाल्याकडून खाच साफ करून घ्या, तिथे गंज धरतो.

ब्लीचिंग पावडर लागते ती जंतुसंसर्गासाठी, उदाहरणार्थ आवारात एखाद्या पिल्लाला पार्वो हा विषाणूचा आजार झाला तर. ताज्या पावडरीचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. आधी जागा साबणानं धुतलेली हवी, घाणीवर ब्लीच टाकलं तर ते घाणीतच संपतं. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर निकामी होते. ताज्या लघवीवर ब्लीच ओतू नका, आणि संडास धुण्याच्या अॅसिडसोबत तर कधीच नाही, विषारी वायू तयार होतो. गोलकृमीची अंडी ब्लीचनंही मरत नाहीत. फरशीवर त्यांना उकळतं पाणीच लागतं.

गाड्यांच्या बाबतीत : घरातून निघताना पट्टा आखूड धरा, पार्किंगच्या मधोमध चाला आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबू नका. सकाळी उठल्यावर लगेच न्या, भरलेल्या मूत्राशयाला लिफ्टची वाट बघायला लावू नका. सोबत अर्धा लिटर पाण्याची बाटली ठेवा आणि चाकावर गेलीच तर लगेच ओता. टायरचं फार बिघडत नाही, अलॉय आणि नटबोल्टांवर डाग पडतात. नर कुत्रा खुणा करण्यासाठी थेंब थेंब टाकत असेल तर नसबंदीनं पुष्कळदा फरक पडतो. अचानक सुरू झालं असेल तर मात्र आधी लघवी तपासून घ्या.

शेजाऱ्यांशी बोलायचं ते लिफ्टमध्ये नको. ज्यांच्या गाडीवर गेलं त्यांच्या घरी जा, कुत्र्याला न घेता, आणि सांगा की चाक धुतलंय. पुढच्या वेळी दिसलं तर मला फोन करा, वॉचमनला नको.